न दाखवलेली पाठ: फोंडा तालुक्यातल्या एका छायाचित्र-प्रदर्शनाचे प्रकरण

फोंडा तालुक्यातले एक जुने मराठी वाचनालय दरवर्षी 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनी, काही ना काही कार्यक्रम करते. कधी व्याख्यान, कधी जुन्या दिवाळी अंकांची मांडामांड. एका वर्षी समितीने युद्ध आणि यातनांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवायचे ठरवले. तीन दिवस, वरच्या मजल्यावरच्या सभागृहात, प्रवेश सगळ्यांना मोफत. त्यातून जो वाद उभा राहिला त्याचे हे टिपण. वाचनालयाचे आणि माणसांचे नाव देत नाही. गाव लहान आहे, आणि वाद घातलेली माणसे अजूनही रोज बाजारात एकमेकांना भेटतात. समितीने नंतर माझ्याकडे टिपण मागितले, म्हणून सगळ्यांशी बोलून हे लिहितो आहे. मते मात्र माझी आहेत.

यादी

यादी करताना कुणाला काही अडचण दिसली नव्हती. लखनौच्या सिकंदर बागेच्या अंगणात विखुरलेली हाडे, फेलिचे बेआतो या छायाचित्रकाराने 1858 मध्ये टिपलेली. 1876 ते 78 च्या मद्रासच्या दुष्काळातली, विलोबी वॉलेस हूपर या लष्करी अधिकाऱ्याने काढलेली अस्थिपंजर माणसे. 1943 चा बंगाल. 1971 चे ढाका. 1972 चे व्हिएतनाम. 1991 चे आखाती युद्ध. 1993 चे सुदान. 2015 मध्ये तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर मृतावस्थेत वाहून आलेला सीरियन निर्वासितांचा लहानगा आलान कुर्दी. दुष्काळ म्हणजे युद्ध नव्हे, अशी एक शंका निघाली आणि विरली. बंगालचा दुष्काळ महायुद्धातलाच होता, आणि मद्रासचे फोटो तोवर छपाईला गेले होते.

शेवटची भिंत 'आपली'. 15 ऑगस्ट 1955 चा सत्याग्रह, पत्रादेवीच्या सीमेवरचा गोळीबार, 1961 ला शिरलेले भारतीय सैन्य, शरण आलेले पोर्तुगीज शिपाई. या भिंतीसाठी वाचनालयाकडे स्वतःचे असे एक धन होते. गावातल्या एका दिवंगत स्वातंत्र्यसैनिकाच्या घरच्यांनी त्यांची कागदपत्रे एका पत्र्याच्या पेटीतून आणून दिली होती. त्यात एक लहान फोटो. स्टुलावर पाठमोरा बसलेला तरुण, अंगात सदरा नाही, पाठभर वळ, मान किंचित वळवलेली. मागे पेन्सिलीने नाव आणि वाडा. पोलिसांच्या कोठडीतून सुटल्यावर हा माणूस सीमा ओलांडून सावंतवाडीकडे गेला. तिथल्या एका स्टुडिओत सहकाऱ्यांनी हा फोटो काढून घेतला, पुरावा म्हणून वर्तमानपत्रांकडे पाठवण्यासाठी. तो कुठे छापून आल्याचे घरच्या कुणालाच आठवत नाही.

समितीचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना सर म्हणते. फोटो हातात घेऊन त्यांचे डोळे भरून आले, असे कार्यवाह सांगतात, आणि ते खोटे नसणार. चार फुटी फ्लेक्स करून तो फोटो प्रवेशद्वारासमोरच लावायचे ठरले.

आक्षेप

फ्लेक्स छापणाऱ्याच्या शेजारीच फोटोतल्या माणसाची मुलगी राहते. ती निवृत्त प्राथमिक शिक्षिका, सगळे तिला बाई म्हणतात. नमुना पाहून ती त्याच संध्याकाळी वाचनालयात आली.

"सर, हा फोटो लावू नका."

"बाई, अहो, हा तर त्यांचा गौरव आहे. पोरांना कळू दे काय सोसले ते."

"बाबांनी आयुष्यभर ती पाठ झाकली. तुम्ही ती चार फुटांची करणार."

मग तिने सांगितले. देवळात पूजेला बसायची पाळी आली की बाबा धाकट्या भावाला बसवायचे. सोवळे नेसून उघड्या अंगाने गाभाऱ्यात जाणे त्यांनी कायमचे टाळले. विहिरीवर अंघोळ केली तर दिवस उजाडण्यापूर्वी. उन्हाळ्यातसुद्धा घरात सदरा. सत्कार व्हायचे, तिथे ते जात, भाषणही करत. आत जे घडले ते मात्र कधी सांगितले नाही. आईलासुद्धा वळ दिसले ते एकदा तापात अंग पुसताना.

समितीने पाच मिनिटांत फोटो मागे घेतला. सर म्हणाले, "घरच्यांची इच्छा नाही ना, मग विषय संपला." कुणीही हुज्जत घातली नाही.

विषय संपला नाही, कारण ग्रंथपाल मुलगी तिथेच होती. तिने यादीवर बोट ठेवून विचारले, "आणि ह्या बाकीच्यांच्या घरच्यांचे काय? तांकां कोणें विचारलें?"

जिथे बोचते ते

प्रश्न तिने सहज विचारला असावा, पण प्रकरणाचे मूळ तिथे आहे. ओळखीच्या माणसाची जखम असेल तर आपण घरच्यांना विचारतो, आणि नाही म्हटले की थांबतो. मद्रास, सुदान, व्हिएतनाम म्हटले की विचारायचे सुचतच नाही. अंतर वाढले की परवानगीची गरज कमी होते, असा अलिखित नियम आपण पाळत आलो आहोत, आणि तो सद्भावनेने पाळतो, म्हणून दिसत नाही.

परवानगीचा विचार समितीने केलाच नव्हता असे नाही. कार्यवाह नोटरीकडे काम केलेले, त्यामुळे स्वामित्वहक्काची चौकशी त्यांनी आधीच केली होती. आपल्या कायद्यात प्रसिद्ध छायाचित्रावरचा हक्क छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे चालतो. म्हणजे 1971 आणि 72 चे फोटो अजून हक्काखाली आहेत, आणि वृत्तसंस्थेला पैसे भरल्याशिवाय लावता येत नाहीत. ज्याने कॅमेरा धरला त्याच्यासाठी कायदा, दरपत्रक, पत्रव्यवहार सगळे आहे. ज्याच्यावर कॅमेरा रोखला त्याच्यासाठी यातले काहीही नाही.

जिथे असा कायदा आहे तिथली तफावत आणखी बोलकी आहे. बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नुसार गुन्ह्याला बळी पडलेल्या मुलाची ओळख पटेल असा फोटो प्रसिद्ध करणे हा दंडनीय गुन्हा आहे. उद्या आपल्याच तालुक्यात एखाद्या मुलीला कुणी जाळले, तर तिचा चेहरा कुठल्याही वर्तमानपत्राला छापता येणार नाही, आणि ते योग्यच आहे. व्हिएतनामातली नापामच्या आगलाव्या बाँबने भाजलेली नऊ वर्षांची नागडी मुलगी मात्र आपण फ्लेक्सवर घेणार होतो, शाळेच्या सहलीसाठी.

1949 च्या तिसऱ्या जिनिव्हा करारातल्या कलम 13 मध्येही अशीच तरतूद आहे. युद्धकैद्यांना हिंसा आणि अपमान यांच्यापासून वाचवायचे, तसेच लोकांच्या कुतूहलापासूनही. शेवटच्या भिंतीवर शरण आलेल्या पोर्तुगीज शिपायांचा फोटो होता. 1961 नंतर काही महिने त्यांना गोव्यात छावण्यांत ठेवले होते, त्यातली एक फोंड्यातच. तो फोटो बघून समितीतले दोघे हसले होते. आज तो इतिहास आहे, लावायला हरकत नाही असे मला वाटते. पण हसू आले हे खरे, आणि कुतूहल म्हणजे काय ते त्या हसण्यावरून कळते.

भाईंची बाजू

या टप्प्यावर प्रकरण एका बाजूला कलंडले असते. ग्रंथपालाचा प्रश्न ऐकून एकाने सुचवले की यातनांचे सगळेच फोटो काढून टाकू, नुसते सैन्य आणि झेंडे ठेवू. त्याला अडवले ते भाईंनी. भाई कुवेतमध्ये एका कंपनीत हिशेबनीस होते. ऑगस्ट 1990 मध्ये इराकी फौजा शिरल्या, आणि हजारो भारतीयांबरोबर ते अम्मानमार्गे विमानाने परतले. गोव्यात अशी घरे कमी नाहीत.

भाईंचे म्हणणे असे: 1991 चे युद्ध त्यांनी घरच्या टीव्हीवर पाहिले. रात्रीच्या आकाशात हिरवे ठिपके, लक्ष्यावर अचूक बसणारा बाँब, नकाशावर बाण. ज्या शहरात त्यांनी कितीतरी वर्षे काढली त्याच्या वेशीवर माणसे मरत होती, आणि टीव्हीवर एकही माणूस दिसला नाही. कुवेतहून उत्तरेला जाणाऱ्या रस्त्यावर माघारी पळणाऱ्या इराकी ताफ्यांवर बाँब पडले. त्यानंतर केन जारेके या छायाचित्रकाराने ट्रकच्या काचेतून बाहेर पडू पाहताना जळून कोळसा झालेल्या सैनिकाचा फोटो काढला. अमेरिकेतल्या वृत्तसंस्थेच्या कार्यालयाने तो आपल्या ग्राहकांना पाठवलाच नाही. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'ने तो मार्च 1991 मध्ये छापला. अमेरिकन वाचकांना तो त्या दिवसांत दिसला नाही.

"त्या शिपायाच्या घरच्यांना विचारायला हवे होते, बरोबर," भाई म्हणाले. "पण ज्यांनी तो दाबला त्यांनी त्याच्या घरच्यांसाठी दाबला नव्हता."

मला हे बिनतोड वाटते. न दाखवण्यामागे संकोच असतो, तशी सोयही असते. 1943 मध्ये बंगालमध्ये माणसे रस्त्यावर मरत होती आणि सरकार दुष्काळ जाहीर करायला तयार नव्हते. 'स्टेट्समन'चे संपादक इयन स्टीफन्स यांनी 22 ऑगस्टला कलकत्त्याच्या फुटपाथवरच्या मरणाऱ्यांचे फोटो छापले, आणि मग ते झाकणे कठीण झाले. त्या माणसांना कुणी विचारले नव्हते. विचारत बसले असते तर काय झाले असते, याचा अंदाज कुणालाही बांधता येईल. 'शेजारच्या वाड्यावरचा असता तर लावला असता का?' ही कसोटी ग्रंथपालाने नंतर सुचवली. ती चांगली आहे, पण एकटी वापरली तर बंगालचे फोटोही कपाटात जातात.

एकेक फोटो

मग समितीने जे केले ते मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते. सरसकट नियम न करता एकेक फोटो टेबलावर ठेवून त्याचा इतिहास काढला. यात चार-पाच संध्याकाळी गेल्या, चहाचे बिल समितीच्या हिशेबात आहे.

बेआतोचा लखनौचा फोटो आधी निरुपद्रवी वाटला होता. माणसे नाहीत, हाडेच आहेत. पण सिकंदर बागेत इंग्रज फौजेने केलेली बंडखोर शिपायांची कत्तल नोव्हेंबर 1857 ची, आणि फोटो त्यानंतर काही महिन्यांनी काढलेला. मृतांची हाडे फोटोसाठी अंगणात मांडली गेली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे मेलेल्यांना बघणाऱ्यांसाठी पुन्हा एकदा कामाला लावले. हूपरच्या फोटोंतही तेच: उपाशी माणसांना एकत्र बसवून, नीट चौकट धरून काढलेले. फोटो काढल्यावर त्यांना तसेच सोडून दिल्याबद्दल त्याच्यावर टीका झाली होती. हे दोन्ही फोटो राहिले, आकार लहान केला, आणि खाली ही हकीकत लिहिली. मद्रासच्या फोटोवर एका सदस्याने म्हटले, "इथे तर दुष्काळापेक्षा हूपरच जास्त दिसतो." तसा तो दिसावा म्हणूनच तो फोटो ठेवला.

ढाक्याच्या फोटोवर सगळ्यात जास्त वेळ गेला. 18 डिसेंबर 1971, पाकिस्तानी सैन्य शरण येऊन दोन दिवस झालेले. एका मैदानावर जमावासमोर, रझाकार, म्हणजे पाकिस्तानी सैन्याचे स्थानिक साथीदार, असल्याचा आरोप असलेल्या बांधलेल्या माणसांना बांगलादेशाच्या मुक्तिवाहिनीच्या लोकांनी संगिनींनी भोसकून मारले. तिथे परदेशी छायाचित्रकार होते. हे आपल्यासाठी घडवले जात आहे असे वाटून काहीजण कॅमेरे खाली करून निघून गेले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे होर्स्ट फास आणि मिशेल लोराँ थांबले. त्यांच्या फोटोंना 1972 चे पुलित्झर हे पत्रकारितेचे पारितोषिक मिळाले. थांबलेल्यांचे म्हणणे असे की ही हत्या आम्ही नसतो तरी झाली असती, आणि मग कुणाला कळलीही नसती. निघून गेलेल्यांचे म्हणणे असे की कॅमेरे नसते तर कदाचित झाली नसती. दोघांपैकी कोण बरोबर हे आज सिद्ध करता येत नाही. मला विचाराल तर, जिथे बघणारा त्या कृत्याचा भाग झाल्याची शंका आहे, तिथे आपण पन्नास वर्षांनी त्या गर्दीत आणखी एक रांग वाढवतो. म्हणून तो भिंतीवर नको, असे माझे मत. समितीनेही, वेगळ्या वाटेने का होईना, तेच ठरवले: भिंतीवर फक्त मजकूर, फोटो खालच्या टेबलावर बंद फोल्डरमध्ये. बघायचा त्याने स्वतः उघडायचा. तारखेचा योगायोगही कुणाच्या नजरेतून सुटला नाही. बरोबर दहा वर्षे आधी, 18 डिसेंबरला, गोव्यात सैन्य शिरले होते. आपल्या विजयाच्या दिवशी दुसऱ्या एका विजयाची ही बाजू लावावी का, यावर कार्यवाहांचा आक्षेप होता. मला वाटते लावायला तोच दिवस योग्य होता.

व्हिएतनामचा फोटो वेगळ्या कारणाने राहिला. त्रांग बांगच्या रस्त्यावर 8 जून 1972 ला धावत आलेली किम फुक वाचली, मोठी झाली, आणि तिने स्वतः त्यावर बोलून ठेवले आहे. लहानपणी तिला त्या फोटोचा रागच होता, आपल्याला नागडे असताना का टिपले म्हणून. पुढे तिने तो स्वीकारला, युद्धातल्या मुलांसाठी काम सुरू केले, 1997 मध्ये युनेस्कोची सदिच्छादूत झाली. इथे उशिरा का होईना, विचारले गेले आहे. (तो फोटो नेमका कुणी काढला यावर 2025 मध्ये मोठा वाद झाला. वर्ल्ड प्रेस फोटो या पुरस्कार देणाऱ्या संस्थेने छायाचित्रकार निक उट यांच्या नावाचे श्रेय स्थगित केले, असोसिएटेड प्रेसने कायम ठेवले. श्रेयाच्या प्रश्नाला मिळालेली ही काळजी त्या मुलीच्या वाट्याला 1972 मध्ये किती आली होती, हे आठवून मला जरा कडवटच वाटले.) फोटो लावला, आणि खाली तिचा राग आधी लिहिला, स्वीकार नंतर.

सुदानचा, उपाशी मूल आणि त्याच्यामागे बसलेले गिधाड यांचा, काढून टाकला. केव्हिन कार्टर या छायाचित्रकाराच्या त्या फोटोची जी गोष्ट सगळे सांगतात ती कार्टरची आहे: पुलित्झर, मग काही महिन्यांत आत्महत्या. मुलाची गोष्ट कुणी सांगत नाही. सगळे मुलगी समजत होते ते मूल मुलगा होते आणि त्या वेळी वाचले होते, हे 2011 मध्ये काही स्पॅनिश पत्रकारांनी गावात जाऊन शोधल्यावर कळले. बहुतेक प्रेक्षकांना ते आजही माहीत नसते. तळटीप लिहून तो ठेवता आला असता असे मला वाटते. समितीला वाटले नाही. आलान कुर्दीबाबत फार चर्चा झाली नाही. दोन सदस्यांची नातवंडे त्याच वयाची, त्यांनी विरोधात हात वर केले आणि तो फोटोही गेला. ही तर्कशुद्ध पद्धत नाही, पण समित्या अशाच चालतात. भाईंचा जळालेला शिपाई मात्र राहिला.

तीन दिवस

प्रदर्शन झाले. शाळेच्या मुलांना शिक्षकांनी आधी बाहेर बसवून काय दिसणार ते सांगितले, आणि नको त्याने खालीच पुस्तके वाचत बसावे असे ठरले. काहीजण बसले, त्यांना कुणी चिडवू नये म्हणून एक शिक्षिकाही त्यांच्यासोबत बसली. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या एका मुलाच्या स्टेटसवर जळालेल्या शिपायाचा फोटो झळकला, खाली आगीचे चिन्ह. तिसऱ्या दिवशी दारात मोबाइल काढून घेण्यासाठी टोपली ठेवली. यावर कुरकूर झाली. माझ्या मते टोपली पहिल्याच दिवशी हवी होती. वर्तमानपत्रवाल्यांसाठी तीन फोटो वेगळे दिले होते, कव्हरेजचा प्रश्न नव्हता.

सरांना एक गोष्ट लागून राहिली. स्वतःच्या गावातल्या माणसाची यातना दाखवली नाही आणि परक्यांची दाखवली, म्हणजे तफावत राहिलीच ना? राहिली. पण पूर्वी ती नकळत होती, आता ज्याच्या त्याच्या खाली कारण लिहिलेले होते. शेवटच्या भिंतीवर चार फुटांची एक चौकट रिकामी ठेवावी अशीही सूचना आली होती. बाईंनी ती फेटाळली. "रिकामी चौकट बघून लोक मलाच विचारत येतील, काय होते म्हणून."

उरलेला प्रश्न

फोटो आता वाचनालयाच्या कपाटात आहे, पाकिटावर 'बाईंच्या लेखी संमतीशिवाय दाखवू नये' असा शेरा. जानेवारीत पुण्याहून बाईंच्या भाच्याचे पत्र आले. तो आजोबांवर पुस्तक लिहितो आहे आणि त्याला तो फोटो मुखपृष्ठावर हवा आहे. तोही रक्ताचा वारस. त्याचा मुद्दा पोकळ नाही: आजोबांनी तो फोटो स्वतः, शुद्धीत, स्टुडिओत बसून काढून घेतला होता, वर्तमानपत्रांकडे जावा म्हणून. तेव्हा त्यांना तो दाखवायचा होता. नंतरची चाळीस वर्षे त्यांनी पाठ झाकली हेही तितकेच खरे. तिशीच्या आतल्या त्या तरुणाची इच्छा मोजायची की पूजेची पाळी टाळणाऱ्या म्हाताऱ्याची, आणि ती कुणी मोजायची, यावर समितीचे एकमत झालेले नाही. सर भाच्याच्या बाजूने आहेत, ग्रंथपाल बाईंच्या. ज्यांनी पेटी आणून दिली त्या घरालाही आता विचारले पाहिजे, असे कार्यवाहांचे म्हणणे. तूर्त ग्रंथपालाने आत्या आणि भाचा दोघांनाही एकाच मजकुराचे पत्र पाठवले आहे: तुम्ही दोघांनी मिळून सही केल्याशिवाय पाकीट उघडले जाणार नाही. भाचा चतुर्थीला गावी येतो, तेव्हा दोघे वाचनालयात बसतील असे ठरले आहे.